विंचवाचे बिऱ्हाड आणि एक अवतरणचिन्ह

गेल्या जूनमधल्या एका सकाळी मी लॅपटॉप सुरू केला, ड्राइव्हचे कुलूप उघडण्यासाठी नेहमीचा पासफ्रेज (म्हणजे लांबलचक पासवर्ड) दिला आणि एंटर दाबले. दोन-अडीच सेकंद काहीच घडले नाही. ते अपेक्षितच होते, कारण हे कुलूप मुद्दामच सावकाश उघडणारे आहे. पण त्यानंतर लॉगिनच्या पडद्याऐवजी काळ्या पार्श्वभूमीवर इंग्रजीत एक ओळ उमटली. तिचा अर्थ असा होता : क्रिप्टसेटअप (हे कुलूप उघडणारा प्रोग्राम) अयशस्वी झाले, पासवर्ड चुकला की पर्याय? मी पुन्हा टाइप केले आणि पुन्हा तीच ओळ आली. तिसऱ्या वेळी एकेक कळ जपून दाबली, तरी उत्तर तेच, आणि त्याखाली प्रयत्नांची मर्यादा संपल्याची सूचना. आदल्या दिवशी सकाळी हाच पासफ्रेज निमूटपणे चालला होता. संध्याकाळी नवे अपडेट आल्याचे यंत्राने सांगितले, मी होकार दिला, काम संपल्यावर यंत्र बंद केले आणि झोपलो. मध्ये घडले ते एवढेच, निदान त्या सकाळी मला तसे वाटत होते.

त्या ओळीतले प्रश्नचिन्ह माझ्या पदरचे नाही, डेबियनच्या, म्हणजे माझ्या लॅपटॉपवरच्या लिनक्स संगणकप्रणालीच्या, मूळ संदेशातच ते आहे. आधी मला त्याचा राग आला, कारण संकटात सापडलेल्या माणसाला यंत्रानेच उलटा प्रश्न विचारावा हे काही बरे नाही. नंतर मात्र त्यातला प्रामाणिकपणा पटला. आत काय चालले आहे हे त्या बिचाऱ्या प्रोग्रामला खरोखरच ठाऊक नसते. दिलेल्या अक्षरांतून त्याने एक चावी तयार केली, ती लावून पाहिली आणि ती लागली नाही, इतकेच त्याला कळते. चावी चुकीची आहे, कुलूप गंजले आहे, की आपण भलत्याच दारापाशी उभे आहोत, हे ओळखण्याचे साधन त्याच्यापाशी नाही. (याच टप्प्यावरची एक गंमत २०१६च्या नोव्हेंबरमध्ये हेक्टर मार्को आणि इस्माएल रिपोल या दोन संशोधकांनी दाखवून दिली होती : एंटरची कळ सुमारे ७० सेकंद नुसती दाबून धरली की प्रयत्न संपून संपूर्ण अधिकार असलेली शेल, म्हणजे यंत्राला आज्ञा देण्याची जागा, हाती येत असे. अर्थात ड्राइव्ह कुलूपबंदच राहत असे. वाड्याचा दिंडीदरवाजा उघडावा आणि तिजोरी जागच्या जागी असावी, तसा तो प्रकार होता. पुढे ती फट बुजवली गेली.)

अशा वेळी पहिला संशय स्वतःच्या स्मरणशक्तीवर येतो, आणि पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला तो फार लवकर येतो. माझ्या बाबतीत त्याला आणखी एक कारण होते, आणि ते सांगायचे तर हा पासफ्रेज काय होता तेही सांगावे लागेल. तो आता निवृत्त झाला आहे, त्यामुळे सांगायला हरकत नाही. तो होता ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’. त्यापुढे आणखी काही होते, ते सांगण्याचे कारण नाही. घर बदलत, गावे बदलत, पाठीवरच्या पिशवीत सारा संसार घेऊन हिंडणाऱ्या लॅपटॉपला ही म्हण मला शोभेशी वाटली होती. मात्र ती मी देवनागरीत टाइप करत नसे. मी अनुवादाचे काम करतो आणि माझ्या बोटांना इन्स्क्रिप्ट कळफलकाची सवय आहे. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली प्रमाणित केलेला आणि पुढे आयएस १३१९४ : १९९१ या मानकात आलेला तो कळफलक, ज्यात स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला असतात. पासफ्रेज देताना संगणकाचा कळफलक इंग्रजीच असे, पण बोटे मात्र मराठी म्हण टाइप करत. म्हणजे ‘व’साठी जी कळ मी दाबत असे तिथून यंत्राला इंग्रजी ‘बी’ मिळे, ‘च’च्या कळेवरून अर्धविराम मिळे आणि ‘ड’च्या कळेवरून चौकोनी कंस. माझ्या डोक्यात म्हण, यंत्राच्या पदरात निरर्थक अक्षरांची माळ. ही युक्ती मला तेव्हा फार हुशारीची वाटली होती.

सरळ देवनागरीतच पासफ्रेज का दिला नाही, असे कोणी विचारील. लक्स या कूटबद्धीकरणाच्या पद्धतीला अक्षरे कळत नाहीत, फक्त बाइट कळतात. यूटीएफ-८ या अक्षरे बाइटांत लिहिण्याच्या रीतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, त्यामुळे म्हणीच्या २१ चिन्हांचे ६३ बाइट होतात. तेवढ्याने काही बिघडत नाही. बिघडते ते ‘बिऱ्हाड’मधल्या ‘ऱ्ह’पाशी. हा पापणीसारखा अर्धा र मराठीचा खास लाडका, पण युनिकोड या सर्व लिप्यांच्या संकेतप्रणालीत तो एकाहून अधिक प्रकारे लिहिता येतो. नुक्ता, म्हणजे खाली टिंब, असलेला ‘ऱ’ हे एकच चिन्ह घेऊन त्याला हलन्त जोडता येते, साधा र आणि वेगळा नुक्ता अशी दोन चिन्हेही चालतात, आणि जुन्या रीतीने साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असाही तो साधता येतो. डोळ्यांना तिन्ही सारखेच दिसतात, बाइट मात्र वेगवेगळे असतात, आणि एकाने बंद केलेले कुलूप दुसऱ्याने उघडत नाही. शिवाय संगणक सुरू होतानाच्या त्या पहिल्या काळ्या पडद्यावर देवनागरी टाइप करण्याची सोयच बहुधा नसते. क्रिप्टसेटअपच्या प्रश्नोत्तरांच्या दस्तऐवजात म्हणूनच स्पष्ट सल्ला दिला आहे की, पासफ्रेजसाठी आस्की या इंग्रजी अक्षरचिन्हांच्या तक्त्यातली छापता येणारी ९५ चिन्हेच वापरावीत. माझी युक्ती हा सल्ला पाळूनही मराठीत राहत होती, निदान माझी तशी समजूत होती.

तर, पहिला संशय स्मरणावर. परंतु म्हण विसरणे शक्य नव्हते, आणि तिच्यापुढचा भाग रोजच्या सवयीचा होता. मग कॅप्स लॉक पाहिले, नम लॉक पाहिले, कपाटातून जुना यूएसबी कळफलक काढून जोडला. यंत्र पुन्हा सुरू करून पुन्हा तीन वेळा प्रयत्न केले. या दुसऱ्या फेरीत एक गोष्ट लक्षात आली आणि तिने मी अस्वस्थ झालो. सावकाश टाइप करायला गेलो की मला कोणती कळ दाबायची हे कळत नव्हते. वेगाने टाइप करताना बोटे आपोआप जात. त्यांना थांबवून ‘आता कुठे?’ असे विचारले की ती गोंधळत. लॅपटॉपच्या कळांवर केवळ इंग्रजी अक्षरे छापलेली आहेत, आणि माझ्या पासफ्रेजमध्ये कोणती इंग्रजी अक्षरे आहेत हे मी कधी पाहिलेच नव्हते. दोन वर्षे रोज जे मी यंत्राला देत होतो, ते मला कोणी लिहून द्यायला सांगितले असते तर मी देऊ शकलो नसतो.

पहिल्या संशयाचे समाधान झाले नाही तसा दुसरा, अधिक भयंकर संशय डोके वर काढू लागला : ड्राइव्हच बिघडला असेल तर? इथे हे कुलूप आतून कसे असते ते थोडे सांगायला हवे, कारण भीतीचे मूळ तिथे आहे. पासफ्रेजने आपली माहिती थेट कूटबद्ध होते असा अनेकांचा समज असतो, तो बरोबर नाही. माहिती कूटबद्ध होते ती एका यादृच्छिक मोठ्या चावीने, जी कोणीही कधी पाहत नाही. ही मोठी चावी ड्राइव्हच्या सुरुवातीला हेडर नावाच्या भागात, पासफ्रेजच्या आवरणात गुंडाळून ठेवलेली असते. क्लेमेन्स फ्रुविर्थ याने २००४ साली लक्सची मांडणी केली तेव्हा अशी आठ आवरणे, म्हणजे आठ की-स्लॉट ठेवण्याची सोय केली होती. नंतरच्या लक्स-२मध्ये ती ३२ पर्यंत वाढली. त्यामुळे पासफ्रेज बदलायचा झाला तर सगळा ड्राइव्ह पुन्हा लिहावा लागत नाही, फक्त एक लहानसे आवरण बदलते. घरातल्या प्रत्येकाला कपाटाची वेगळी किल्ली द्यावी, पण तिजोरीची एकच खरी किल्ली त्या कपाटात असावी, अशी ही रचना आहे.

या रचनेची दुसरी बाजू अशी की, हेडर गेला की सगळे गेले. आणि हे निष्काळजीपणातून आलेले नाही, ते हेतुपूर्वक केलेले आहे. जुना पासफ्रेज रद्द केल्यावर त्याचे आवरण ड्राइव्हवरून खरोखर नाहीसे व्हावे, त्याचा मागमूस कुठे उरू नये, म्हणून फ्रुविर्थने ती चावी ४००० पट फुगवून पसरण्याची युक्ती वापरली. ६४ बाइटांची चावी २,५६,००० बाइटांवर अशा रीतीने पसरते की, त्यातला एक बिट जरी पुसला गेला तरी मूळ चावी परत मिळत नाही. चोरासाठी केलेली ही तजवीज मालकालाही तितक्याच निःपक्षपणे लागू पडते. माझ्या ड्राइव्हवर एका संस्थेच्या शेतीविषयक पुस्तिकांचा तीन महिन्यांचा अनुवाद होता, ज्याची प्रत मी मार्चनंतर कुठेच ठेवली नव्हती. हेडरची प्रत तर कधीच घेतली नव्हती. ती घ्या, असे त्या प्रश्नोत्तरांत इतक्या वेळा आणि इतक्या कळकळीने लिहिले आहे की, आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी ‘छत्री घेऊन जा’ म्हणावे तसे वाटते, आणि आपणही त्याकडे तितकेच लक्ष देतो.

दुपारी जेवण झाल्यावर (जेवण गेले नाही, पण पत्नीने ताटावर बसवले) मी डेबियनचा लाइव्ह पेनड्राइव्ह लावून यंत्र सुरू केले. लाइव्ह पद्धतीत सगळी यंत्रणा पेनड्राइव्हवरून चालते आणि आतला ड्राइव्ह नुसता एक वस्तू म्हणून समोर दिसतो, जसा रुग्णाला टेबलावर निजवावा. टर्मिनलमध्ये हेडर वाचण्याची आज्ञा दिली. तो वाचता आला. आवृत्ती २, पहिल्या स्लॉटमध्ये एक पासफ्रेज, चावी काढण्यासाठी आर्गॉन-२आयडी, आणि त्यासाठी लागणारी जवळपास १ गिगाबाइट स्मृती. हा आर्गॉन-२ म्हणजे २०१५ साली पासवर्ड हॅशिंगच्या खुल्या स्पर्धेत विजयी ठरलेला अल्गोरिदम. कुलूप सावकाश उघडते ते त्याच्यामुळे. प्रत्येक अंदाजासाठी इतका वेळ आणि इतकी स्मृती खर्च करावी लागली तर लाखो पासफ्रेज एकामागून एक लावून पाहणाऱ्याचा धंदा परवडत नाही. मग मी धीर करून ड्राइव्ह उघडण्याची आज्ञा दिली आणि बोटांना म्हण टाइप करू दिली. दोन सेकंद गेले. कसलाही संदेश न देता आज्ञेची ओळ पुन्हा रिकामी झाली. अशा आज्ञांच्या जगात गप्प राहणे म्हणजे यश.

ड्राइव्ह उघडला होता. फाइली जागच्या जागी होत्या. त्या क्षणी मी आनंदाने उडी मारली नाही, तर आधी अनुवादाचे फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवले, आणि नंतर, दोन वर्षे उशिरा का होईना, हेडरची प्रत काढली. ती फाइल १६ मेगाबाइटची निघाली. चार मिनिटांचेही ते काम नव्हते.

हे सगळे होईपर्यंत शेजारच्या काकांचा किस्सा मला आठवत होता. मागच्या वर्षी त्यांच्या विंडोज लॅपटॉपचा मदरबोर्ड बदलला आणि परत आल्यावर निळ्या पडद्यावर बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या ड्राइव्हच्या कुलपाने, ४८ आकडी पुनःप्राप्ती-चावी मागितली. बिटलॉकर सहसा काही विचारत नाही, कारण तो चावी टीपीएम या चिपजवळ सोपवतो आणि यंत्र तेच आहे, सुरुवातीचा प्रोग्राम तोच आहे, अशी खात्री पटल्यावर चिप ती आपण होऊन देते. यंत्र बदलले की चिप मुकी होते. काकांना आपल्या ड्राइव्हला कुलूप आहे हेच ठाऊक नव्हते; चावी त्यांच्या मुलाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडली. त्या ४८ आकड्यांविषयी मला एक गोष्ट फार आवडते : ते सहा-सहाच्या आठ गटांत असतात आणि प्रत्येक गटाला ११ने पूर्ण भाग जातो. त्यामुळे एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले, तर ती चूक त्या गटापुरती तिथल्या तिथे पकडता येते. काका आकडे वाचत होते आणि मी टाइप करत होतो, तेव्हा हे मला कळले नव्हते, नाहीतर कागदावर भागाकार करून त्यांना चकित केले असते. लक्सकडे असे काही नाही, आणि असू नये हेच योग्य. २१ पैकी २० अक्षरे बरोबर आहेत असे जे कुलूप सांगेल ते कुलूप कसले? पण त्या दिवशी मला त्या ११च्या भागाकाराचा हेवा वाटला.

आता प्रश्न लहान झाला होता, पण अधिक विचित्रही झाला होता. पासफ्रेज बरोबर, हेडर बरोबर, ड्राइव्ह बरोबर. पेनड्राइव्हवरून सुरू केले तर कुलूप उघडते, नेहमीसारखे सुरू केले तर उघडत नाही. म्हणजे दोष कुलपात नसून दाराबाहेर उभ्या असलेल्या रखवालदारात होता. लिनक्स सुरू होताना मुख्य ड्राइव्ह कुलूपबंद असल्यामुळे आतले काहीच वाचता येत नाही, म्हणून आधी एक छोटी तात्पुरती यंत्रणा स्मृतीत उतरवली जाते. तिला इनिटरॅमएफएस म्हणतात. पासफ्रेज विचारणे, ड्राइव्ह उघडणे आणि कारभार मुख्य यंत्रणेकडे सोपवून नाहीसे होणे, एवढेच तिचे आयुष्य. ती एका गाठोड्यासारखी असते, कर्नलच्या, म्हणजे यंत्रणेच्या गाभ्याच्या, प्रत्येक आवृत्तीसाठी एकेक बांधून ठेवलेली. तिच्यात ड्राइव्हचा चुकीचा ओळखक्रमांक गेला असेल, या शंकेने मी कोणता ड्राइव्ह उघडायचा याची नोंद असलेली क्रिप्टटॅब नावाची फाइल ड्राइव्हच्या खऱ्या ओळखक्रमांकाशी एकेक अक्षर ताडून पाहिली. ती बरोबर होती. आणि तसेही, ओळखक्रमांक चुकला असता तर यंत्राने पासफ्रेज विचारलाच नसता, ड्राइव्हची वाट पाहत बसले असते.

मग सुचले ते खरे तर सकाळीच सुचायला हवे होते. ग्रबच्या, म्हणजे यंत्र चालू होताना सर्वांत आधी येणाऱ्या प्रोग्रामच्या, यादीत ‘प्रगत पर्याय’ म्हणून एक ओळ असते, तिच्या आत जुने कर्नल असतात. आधीचा कर्नल निवडला, पासफ्रेज दिला, आणि कुलूप पहिल्या फटक्यात उघडले. पुन्हा नवा कर्नल, पुन्हा नकार. यावरून कोणीही जो निष्कर्ष काढील तोच मी काढला : नव्या कर्नलमध्ये दोष आहे. आदल्या संध्याकाळीच तो आला होता, आणि गुन्हा घडल्यावर गावात नवीन आलेल्या माणसावर संशय घेण्याची रीत जुनी आहे. पुढचे दोन दिवस मी जुन्या कर्नलवर काम केले, त्या नव्या आवृत्तीविषयीच्या तक्रारी शोधल्या, माझ्यासारखी एकही सापडली नाही, तरीही माझा ग्रह कायम राहिला. काम चालते आहे ना, मग चालू दे, हा आपल्याकडचा सर्वांत टिकाऊ तांत्रिक उपाय आहे.

तिसऱ्या दिवशी इंग्लंडमध्ये राहणाऱ्या एका मित्राचा फोन आला. कॉलेजपासूनचा हा मित्र, पंधरा वर्षे तिकडे आहे आणि लिनक्सचा नाद मला त्यानेच लावला. मी सगळी हकीकत सांगितली, कर्नलला चार शब्द सुनावले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “कर्नलला पासवर्ड कळत नाही रे, त्याला कळांचे नंबर कळतात. तू एक कर. नोंदवहीसारखा कुठलातरी साधा एडिटर उघड आणि तो पासवर्ड डोळ्यांना दिसेल असा टाइप कर. सेव्ह करू नकोस. आणि मला सांगू नकोस काय आहे तो.” मी तसे केले. बोटांनी म्हण म्हटली आणि पडद्यावर दोन वर्षांत प्रथमच माझा पासफ्रेज मला दिसला : बी, एफ, एक्स, अर्धविराम, मग पुन्हा बी... मध्येच मोठ्या लिपीतला एक जे, तो ‘ऱ’. एक उघडता चौकोनी कंस, तो ‘ड’. आपणच जन्माला घातलेल्या माणसाला रस्त्यात ओळखू नये तसे झाले. मी गंमत म्हणून मित्राला सांगितले की, यात अर्धविराम काय, कंस काय, अवतरणचिन्ह काय, काय वाटेल ते आहे.

“अवतरणचिन्ह?” तो हसायला लागला. “अरे, मी इथे आलो तेव्हा पहिला महिनाभर ईमेलचा पत्ता लिहायला गेलो की ॲट द रेटच्या जागी अवतरणचिन्ह पडायचं. इथे त्या दोघांची अदलाबदल असते. तू मध्ये कीबोर्डचं काही बदललं होतंस का?”

बदलले होते. त्याला तीन आठवडे झाले होते आणि मी ते साफ विसरलो होतो. एका कामात ब्रिटिश वर्णलेखन हवे होते, म्हणून मी यंत्राच्या भाषेच्या नोंदी सुधारत होतो, आणि त्याच भरात कळफलकाच्या फाइलमध्येही पहिल्या जागी ‘जीबी’ (ग्रेट ब्रिटन) असे हाताने लिहून टाकले होते. माझ्या मनात त्यामागे एक गैरसमज होता, आणि तो माझ्या एकट्याचा असेल असे मला वाटत नाही. आपण शाळेत इंग्रजी शिकलो ते ब्रिटिश. ‘कलर’मध्ये यू लिहिला नाही तर गुण कापले जात. म्हणून आपला कळफलकही ब्रिटिशच असणार, असे मी कधीही न तपासता धरून चाललो होतो. प्रत्यक्षात भारतात विकले जाणारे बहुतेक सगळे कळफलक अमेरिकी मांडणीचे आहेत, फार तर चारच्या कळेवर रुपयाचे चिन्ह छापलेले. अमेरिकी मांडणीत शिफ्ट आणि दोन दाबले की ॲट द रेट येते, आणि एंटरच्या डाव्या हाताची कळ शिफ्टसह दाबली की दुहेरी अवतरणचिन्ह. ब्रिटिश मांडणीत हेच दोन्ही उलटे.

आता या कळेवर इन्स्क्रिप्टमध्ये काय असते? नुसती दाबली तर ‘ट’, शिफ्टसह दाबली तर ‘ठ’. पाठीवरचा ठ. म्हणीतली बाकीची वीस चिन्हे दोन्ही मांडण्यांत सारखीच उमटतात; मी नंतर एकेक तपासून पाहिली. फक्त ठ च्या जागी अवतरणचिन्हाऐवजी ॲट द रेट जात होते, आणि काळ्या पडद्यावर टाइप केलेले दिसत नसल्यामुळे ते मला कधीच कळले नसते.

मग तीन आठवडे सगळे सुरळीत का चालले होते, हा भाग मला सर्वांत मनोरंजक वाटतो. फाइल बदलली तरी इनिटरॅमएफएसचे गाठोडे आधीच बांधलेले होते, आणि त्यात कळफलकाची जुनी, अमेरिकी मांडणी बांधली गेली होती. ते गाठोडे जोवर उघडून पुन्हा बांधले जात नाही तोवर फाइलमधला बदल त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. आत शिरल्यावर डेस्कटॉपला माझ्या स्वतःच्या वेगळ्या सेटिंग्ज होत्या, त्यामुळे तिथेही काही जाणवले नाही. नवा कर्नल आला, त्याच्यासाठी नवे गाठोडे बांधले गेले आणि त्यात नव्या मांडणीचा शिरकाव झाला. जुन्या कर्नलचे गाठोडे जुनेच राहिले, म्हणून त्याच्यावर कुलूप उघडत होते. कर्नल बिचारा निरपराध होता. त्याचा दोष इतकाच की, मी तीन आठवड्यांपूर्वी केलेली चूक त्याने माझ्या दारात आणून ठेवली.

खात्री करायची म्हणून मी फोन चालू ठेवूनच यंत्र पुन्हा सुरू केले आणि नवा कर्नल निवडला. पासफ्रेज टाइप करताना ‘पा’पर्यंत आलो, हात थांबवला, ठ च्या कळेकडे निघालेले करंगळीजवळचे बोट मागे घेतले आणि शिफ्ट धरून दोनची कळ दाबली. मग उरलेली अक्षरे, उरलेले आकडे, एंटर. दोन सेकंद. लॉगिनचा पडदा आला. मित्राला फोनवरून काही दिसत नव्हते, पण मी जो श्वास सोडला त्यावरून त्याला कळले असावे.

दुरुस्ती अगदीच किरकोळ होती. फाइलमधला ‘जीबी’ काढून अमेरिकी मांडणी लिहिली, इनिटरॅमएफएस पुन्हा बांधण्याची आज्ञा दिली, आणि यंत्र तीन वेळा बंद करून तीन वेळा सुरू केले, एक वेळ कामासाठी आणि दोन वेळा समाधानासाठी. मित्राने बजावले की, सुरुवातीच्या ग्रबमध्येच पासफ्रेज विचारला जाईल अशी रचना ज्यांनी केली असते त्यांच्या वाट्याला हीच गोष्ट उलट्या बाजूने येते : ग्रब सहसा अमेरिकी मांडणीच धरून चालतो, आणि लंडनमध्ये पौंडाचे चिन्ह घालून पासफ्रेज ठरवणारा माणूस तिथे अडकून बसतो. म्हणीविषयीही त्याने चार शब्द सुनावले. मराठी येणाऱ्या आणि इन्स्क्रिप्ट ठाऊक असलेल्या कोणालाही म्हणींचा कोश घेऊन बसता येईल, आणि कळफलकाची मांडणी हे काही गुपित नव्हे, हे त्याचे म्हणणे मला मान्य करावे लागले. माझी हुशारी पंधरा मिनिटांच्या प्रोग्रामला पुरून उरली नसती.

नवा पासफ्रेज ठरवताना मी एक कागद घेतला आणि आधी तो कागदावर लिहिला. एकमेकांशी संबंध नसलेले सहा शब्द, सगळी लहान लिपीतली रोमन अक्षरे, कुठेही चिन्ह नाही, शिफ्ट नाही. तो पाहून टाइप करताना मला अतोनात वेळ लागला, आणि पहिल्या आठवड्यात रोज सकाळी बोटे आपोआप ‘विं’ला लागणाऱ्या कळांकडे जात, अजूनही कधी जातात. जुना स्लॉट रद्द केला. त्या २,५६,००० बाइटांवर पसरलेले विंचवाचे बिऱ्हाड पुसले गेले, आणि हेडरची पहिली प्रतही मोडून नवी काढावी लागली, कारण जुन्या प्रतीत जुना पासफ्रेज जिवंतच होता. ती नवी प्रत आता एका पेनड्राइव्हवर आहे.

दुसऱ्या स्लॉटमध्ये पत्नीसाठी वेगळा पासफ्रेज ठेवला. बँकेची विवरणे, घरपट्टीच्या पावत्या, मुलीच्या शिक्षणाचे कागद, सगळे त्याच ड्राइव्हवर आहेत, आणि माझी बोटे सोडून दुसऱ्या कोणालाही ते उघडता येत नव्हते, ही गोष्ट त्या तीन दिवसांत मला अनेकदा टोचली होती. पासफ्रेज तिनेच ठरवला. मी तिला लाकडी कपाटातल्या विम्याच्या कागदांसोबत ठेवण्यासाठी तो एका पाकिटावर लिहायला सांगितले, तेव्हा तिने आधी विचारले, “अहो, हे मराठीत लिहू की इंग्रजीत?” मी म्हणालो, जसे टाइप करणार आहेस तसेच लिही. मग यंत्र बंद करून तिच्यासमोर ठेवले. तिने चष्मा लावला, पाकीट डाव्या हाताला घेतले, आणि उजव्या हाताच्या एकाच बोटाने, प्रत्येक कळेवर छापलेले अक्षर आधी नीट वाचून, मग पाकिटावरच्या अक्षराशी जुळवून, मग ती दाबून, असे एकेक करत शेवटापर्यंत गेली. दीड मिनिट लागले. पहिल्याच प्रयत्नात उघडले.